मंगळावरचें युद्ध आणि न्हाव्याचा किनारा

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आम्हांस एक जाडजूड इंग्रजी कादंबरी वाचावयास दिली. फ्रँक हर्बर्ट या अमेरिकन ग्रंथकाराची 'ड्यून' ही ती कादंबरी. ती १९६५ सालीं प्रसिद्ध झाली, म्हणजे पुस्तक कांहीं नवें नव्हे. परंतु आम्ही ज्या अभ्यासक्रमांत वाढलों त्यांत अशा पुस्तकांना जागा नव्हती, त्यामुळें आम्हांस तें नवेंच होतें. ग्रहाग्रहांमधील युद्ध आणि राजकारणांतील विश्वासघात हा तिचा विषय. पुस्तक परत करावयाच्या निमित्तानें आम्ही त्या विद्यार्थ्याच्या गांवीं, रायगडच्या किनाऱ्यावरील न्हावा येथें गेलों. बरोबर आमचे एक सहाध्यापक होते. संध्याकाळीं धक्क्यावर बसलों असतां समोर घारापुरीचा डोंगर दिसत होता, उत्तरेस शिवडीहून येणारा नवा सेतु आणि दक्षिणेस जवाहरलाल नेहरू बंदराच्या उंच उंच क्रेन.

पुस्तकाचा विषय निघतांच आमचे सहाध्यापक हंसून म्हणाले, "ग्रहांवरचीं युद्धें हा अमेरिकन पोरांचा खेळ. मराठी वाङ्मयाशीं त्याचा काय संबंध?" विद्यार्थी थोडा वेळ गप्प राहिला. मग त्या क्रेनकडे बोट करून तो म्हणाला, "सर, आमच्याकडे तें युद्ध होऊन गेलें. फक्त त्याची कादंबरी कोणी लिहिली नाहीं."

या उत्तरावर सहाध्यापकांनीं विषय बदलला. आम्हांस मात्र तो बदलतां आला नाहीं, आणि म्हणूनच हा लेख.

आमच्या सहाध्यापकांचें मत हें त्यांच्या एकट्याचें असतें तर त्यासाठीं मासिकाचीं पानें खर्चीं घालण्याचें कारण नव्हतें. परंतु विज्ञानकादंबरीविषयीं आपल्याकडे दोन पक्ष आहेत, आणि दोघांचाही परिणाम एकच होतो. पहिला पक्ष रसिकांचा. त्यांच्या मतें जेथें यंत्रें आणि परग्रहवासी आले तेथें मनुष्यस्वभाव संपला, आणि मनुष्यस्वभाव संपला कीं वाङ्मय संपलें. दुसरा पक्ष विज्ञानकथेच्या मित्रांचा. त्यांच्या मतें विज्ञानाचा प्रसार करणें हें या कथेचें कर्तव्य. तींत राजकारण आणलें कीं दुधांत पाणी पडलें. पहिला पक्ष विज्ञानकथेला ओसरीवर बसवितो, दुसरा तिला शाळेंत नेऊन बसवितो. माजघरांत तिला कोणीच येऊं देत नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, ग्रहयुद्धाची कादंबरी ही मुळांतच राजकीय वस्तु आहे, तींतलें राजकारण काढून टाकलें तर नुसतें यंत्र उरतें, आणि आपल्याकडे तें यंत्र तेवढें उचलून राजकारण बंदरावरच सोडून देण्यांत आलें.

दुसऱ्या पक्षाविषयीं लिहितांना आमच्या मनांत आदर आहे, हें प्रथम नमूद करतों. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्यें स्थापन झाली आणि तिनें विज्ञानकथांच्या स्पर्धा सुरू केल्या. १९७४ मध्यें त्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नांवानें 'कृष्णविवर' ही कथा आली, आणि मागाहून उलगडलें कीं जगताप म्हणजे जगद्विख्यात खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णु नारळीकर, ज्यांनीं आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटून हें नांव घेतलें होतें. दुर्गाबाई भागवतांनीं १९७५ च्या कऱ्हाड संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्या कथेची वाखाणणी केली. पुढें २०२१ मध्यें नाशिकच्या संमेलनाचें अध्यक्षपद खुद्द नारळीकरांकडे आलें. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर अशा लेखकांनीं ही परंपरा नांवारूपाला आणली. २० मे २०२५ रोजीं डॉ. नारळीकर निवर्तले. एक पिढी संपली कीं तिनें काय दिलें याबरोबरच काय उरलें हेंही पाहावें लागतें. तें पाहण्यांत कृतघ्नता नाहीं.

आतां राजकारण काढून टाकलेल्या विज्ञानकथेचा जो आदर्श सांगितला जातो, तो ज्यांच्या नांवानें सांगितला जातो त्यांच्याकडेच पाहूं. ज्यूल व्हर्न हा शुद्ध साहसाचा लेखक अशी आपल्याकडे समजूत आहे, भा. रा. भागवतांनीं त्याला मराठी मुलांच्या घरोघरीं पोंचविलें, आणि आम्हीही लहानपणीं तो तसाच वाचला. परंतु १८६५ च्या त्याच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचा आरंभ कोठें होतो? अमेरिकेंतील यादवी युद्ध संपलें आहे, आणि तोफा ओतणाऱ्या मंडळींच्या हाताला काम उरलेलें नाहीं. शांतता झाल्यामुळें बेकार झालेले हे तोफखानदार चंद्राकडे नेम धरतात. ही थट्टा युद्धावर जगणाऱ्या धंद्याची आहे. त्याच लेखकाचा कॅप्टन निमो कोण, हें १८७५ च्या 'गूढ बेटा'च्या कादंबरींत कळतें: तो बुंदेलखंडाचा राजपुत्र, १८५७ च्या उठावांत सर्वस्व गमावून समुद्राच्या तळाशीं गेलेला. पाणबुडी आमच्या ध्यानांत राहिली. ती बांधणारा आपला मनुष्य होता आणि तो कां बुडून राहिला, हें आम्ही विसरलों.

एच. जी. वेल्सची गोष्ट तर याहून उघड आहे. १८९८ मध्यें पुस्तकरूपानें आलेली त्याची मंगळवासीयांच्या स्वारीची कादंबरी ही ग्रहयुद्धाच्या सर्व कादंबऱ्यांची आजी होय. पहिल्याच प्रकरणांत वेल्स टास्मानियांतील मूळ रहिवाशांच्या संहाराचें स्मरण देतो, आणि ज्यांनीं तो संहार केला त्यांनीं मंगळवासीयांच्या क्रौर्याबद्दल तक्रार करावी काय, असा प्रश्न वाचकापुढें टाकतो. लंडनमधील सुखवस्तु वाचकाला त्यानें एका पुस्तकापुरतें टास्मानियांत नेऊन उभें केलें. मंगळवासीयांचीं तीन पायांचीं यंत्रें आणि उष्णकिरण हें या उलटापालटीचें साधन होतें, साध्य नव्हे. मराठी वाचकाला त्या यंत्रांचीं चित्रें मिळालीं; उलटापालट मिळाली नाहीं.

कोणी म्हणेल, हा विचारच पाश्चात्य आहे. आपल्या मातींत तो रुजत नाहीं. यावर आमचें उत्तर असें कीं, वेल्सच्या पाव शतक आधीं तो मराठींत लिहिला गेला आहे. जोतीराव फुले यांचें 'गुलामगिरी' १८७३ मध्यें प्रसिद्ध झालें. मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन हे अवतार नव्हेत, समुद्रापलीकडून एकामागून एक आलेल्या टोळ्यांचे ते नायक होत, आणि पहिल्या टोळ्या मचव्यांतून किनाऱ्याला लागल्या, अशी जोतीरावांची मांडणी आहे. तिचा इतिहास आजच्या संशोधनाच्या कसोटीला कितपत उतरतो हा वाद निराळा; पंडितांनीं तो अवश्य घालावा. आम्हांस येथें तिची दृष्टि महत्त्वाची वाटते. जी कथा आम्ही देवघरांत बसून विजेत्याच्या बाजूनें ऐकली, ती त्यांनीं किनाऱ्यावर उभें राहून पराजिताच्या बाजूनें सांगितली. परक्या लोकांच्या स्वारीची कथा स्वारी झालेल्यांनीं सांगणें हेंच ग्रहयुद्धाच्या थोर कादंबरीचें मर्म आहे.

नारळीकरांच्या १९८६ च्या कादंबरीचें नांव 'वामन परत न आला' असें आहे, हा योगायोग आम्हांस सोडवत नाहीं. तींत वामन हा यंत्रमानव आहे, आणि बुद्धिमान यंत्र मनुष्याच्या हातून निसटण्याचा धोका तींत रंगविला आहे. धोका खरा आहे. आजच्या दिवसांत तर तो अधिकच खरा वाटतो. परंतु वामनाच्या मूळ गोष्टींत एक बळी आहे. त्यानें शब्द दिला, मागणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि तीन पावलांत त्याची भूमि गेली. दिवाळींत बळीचें राज्य परत येवो असें म्हणणाऱ्या बायका महाराष्ट्राच्या घरोघरीं आहेत. मराठी विज्ञानकादंबरीला वामन सांपडला. बळी मात्र अजून सांपडावयाचा आहे.

तो कोठें सांपडेल, हें आमच्या विद्यार्थ्यानें बोटानें दाखविलें होतें.

१९७० मध्यें सिडको ही संस्था स्थापन झाली आणि मुंबईच्या समोरच्या किनाऱ्यावर नवें शहर वसविण्यासाठीं ठाणें, पनवेल व उरण या भागांतील ९५ गांवांची जमीन संपादन करण्याचा व्यवहार सुरू झाला. भातशेती, मिठागरें आणि खाडींतली मासेमारी यांवर हीं गांवें जगत होतीं. जमीन ज्या कायद्यानें घेतली तो १८९४ चा, म्हणजे इंग्रज सरकारचा आणि वेल्सच्या कादंबरीच्याच दशकांतला. सार्वजनिक प्रयोजन हे दोन शब्द उच्चारले कीं मालकाच्या होकाराची गरज उरूं नये, अशी त्याची रचना होती. स्वराज्य आल्यावर आम्हीं तो बदलला, पण २०१३ मध्यें! सहा तपांच्या आसपास नाहीं, तरी पांच तपांहून अधिक काळ आमच्याच सरकारांनीं तो आमच्याच लोकांवर चालविला.

१६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजीं उरण तालुक्यांत, दास्तान फाटा व नवघर या परिसरांत, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकरी उभे राहिले आणि पोलिसांच्या गोळीबारांत पांच जणांचे प्राण गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत द्यावी, हें तत्त्व या रक्तांतून मान्य झालें. न्हावा-शेव्याचें बंदर २६ मे १९८९ रोजीं सुरू झालें. त्याच्यासाठीं शेवा कोळीवाडा उठला आणि उरणजवळ हनुमान कोळीवाडा म्हणून वसविला गेला; तेथील घरांना वाळवीनें पोखरलें, आणि दुसऱ्या पुनर्वसनाची मागणी करण्यांत त्या लोकांची पुढची पिढी म्हातारी होत आली. बंदराच्या प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के जमिनीचीं इरादापत्रें वाटण्याचा समारंभ २०१४ सालीं झाला. बंदर चालू होऊन तेव्हां पंचवीस वर्षें लोटलीं होतीं. १२ जानेवारी २०२४ रोजीं शिवडी-न्हावा शेवा सेतूचें उद्घाटन झालें. त्याची लांबी सुमारें २१.८ किलोमीटर असून त्यांतला साडेसोळा किलोमीटरांचा भाग समुद्रावरून जातो. मुंबईहून न्हाव्याला यावयास आतां वीस-पंचवीस मिनिटें पुरतात. त्या मिनिटांच्या खालीं ज्यांचीं जाळीं होतीं, त्यांचा हिशेब सेतूच्या लांबींत येत नाहीं.

या सर्व हकीकतींत फितूर कोण? मराठी वाचक हा प्रश्न विचारल्याखेरीज राहणार नाहीं, कारण आमच्या ऐतिहासिक कादंबरीनें आम्हांस विश्वासघाताचा एकच नमुना शिकविला आहे. १६८९ मध्यें रायगड पडला, आणि परंपरेनें त्याचा सगळा दोष एका सूर्याजी पिसाळाच्या माथीं मारला. वतनाच्या लोभानें एकानें दरवाजा उघडला. बाकी सर्व निष्ठावंत. हा नमुना फार सोयीचा आहे. त्यांत एका मनुष्याला फांसावर चढविलें कीं बाकीच्यांना शांत झोंप लागते. १९८१ मध्यें कुलाबा जिल्ह्याला रायगडाचें नांव मिळालें. त्या नांवाच्या जिल्ह्यांत त्यानंतर जें घडलें त्याला मात्र सूर्याजी पिसाळ सांपडत नाहीं. कोणी दरवाजा उघडला नाहीं. नकाशे काढले गेले, सूचना प्रसिद्ध झाल्या, मोबदल्याचे दर ठरले, सभा झाल्या, आश्वासनें दिलीं गेलीं, आणि आश्वासन देणारा दरवेळीं बदलून गेला. प्रत्येकानें आपापलें काम केलें. विश्वासघात झाला, पण विश्वासघातकी कोणीच नाहीं, हें आधुनिक राजकारणाचें रूप आहे. आणि फितुरीवर वाढलेली आमची कादंबरी तें पकडूं शकत नाहीं.

'ड्यून'चें सामर्थ्य आम्हांस येथें जाणवलें. अराकिस नांवाच्या वाळवंटी ग्रहावर एक मसाला मिळतो, आणि त्याच्यावांचून ग्रहाग्रहांमधलें दळणवळण चालत नाहीं. सम्राट तो ग्रह एका सरदार घराण्याकडून काढून दुसऱ्याला जहागीर म्हणून देतो. मग घरचा वैद्य फितूर होतो आणि शत्रु आंत शिरतो. येथपर्यंत कादंबरी आमच्या ओळखीची आहे. परंतु लेखक तेथें थांबत नाहीं. वैद्य हें निमित्त. जहागिरीची देणगीच सांपळा होती, आणि शत्रूच्या पोषाखांत लढणारे शिपाई खुद्द सम्राटाचे होते. त्याहीपुढें जाऊन वाचकाच्या ध्यानांत येतें कीं, या दोन्ही सरदारांखेरीज त्या ग्रहावर मूळचे लोक राहत आहेत. देण्याघेण्याच्या वेळीं त्यांना कोणी विचारलें नाहीं, आणि राज्यकर्त्यांना त्यांची संख्यादेखील नीट ठाऊक नाहीं. ज्या भूमीचें मोल तींतून जाणाऱ्या मालावरून ठरतें, तेथील माणसें हिशेबाबाहेर पडतात. न्हाव्याच्या धक्क्यावर बसून हें वाचणाऱ्याला तळटीपेची गरज पडत नाहीं.

कादंबरींत दोष नाहींत असें नव्हे. मूळच्या लोकांना तारावयास शेवटीं परका राजपुत्रच लागतो, ही जुनी खोड तींतही आहे. तारणहाराच्या मागें जाण्यांत किती अनर्थ आहे हें लेखकानें १९६९ च्या पुढच्या भागांत दाखविलें, पण पहिला भाग वाचून बेहोष झालेल्या वाचकांना तें पचलें नाहीं. मराठी लेखकानें ही खोड उचलूं नये. उरणच्या शेतकऱ्यांना परग्रहावरून कोणी राजपुत्र आला नव्हता, दि. बा. पाटील जासईचे, त्याच मातींतले होते.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप: असें असेल तर न्हावा-शेव्यावर सरळ वास्तववादी कादंबरी लिहावी, मंगळावर जाण्याचा द्राविडी प्राणायाम कशाला? वास्तववादी कादंबरी अवश्य लिहावी. आम्ही ती पहिल्यानें विकत घेऊं. परंतु आपल्या वाचकाचा स्वभाव आम्ही ओळखतों, कारण तो आमचाच स्वभाव आहे. प्रकल्पग्रस्त हा शब्द वर्तमानपत्रांत दिसला कीं आमचा डोळा पुढच्या मजकुराकडे घसरतो. तें दुःख आम्हांस ठाऊक आहे असें आम्हांस वाटतें, आणि ठाऊक असलेल्या दुःखाची आम्ही सोय लावलेली असते. अनोळखी ग्रहावर ही सोय चालत नाहीं. तेथें कोण आपला आणि कोण परका हें प्रथमपासून ठरवावें लागतें, आणि ठरवितां ठरवितां वाचक भलत्याच बाजूला सांपडतो.

दुसरा आक्षेप: राजकारण आलें कीं विज्ञान पातळ होतें. आमच्या मतें उलट आहे. विज्ञान नीट पाळलें तर राजकारण आपोआप येतें. मंगळावरून निघालेला संदेश प्रकाशाच्या वेगानें आला तरी ग्रहांच्या अंतराप्रमाणें त्याला सुमारें ३ ते २२ मिनिटें लागतात. यानाला निघण्याची अनुकूल वेळ सुमारें २६ महिन्यांनीं एकदां येते. ह्या दोन गोष्टी शाळेंतल्या मुलालाही समजतील. पण त्यांतून काय निष्पन्न होतें पाहा. मंगळावरची वसाहत पृथ्वीशीं संभाषण करूं शकत नाहीं; ती अर्ज करूं शकते आणि हुकूम ऐकूं शकते. दुष्काळांत मदतीचें आश्वासन मिळालें, तर तें खोटें ठरलें हें कळावयास दोन वर्षें जातील, आणि तोंवर आश्वासन देणारा मंत्रिमंडळांतून गेलेला असेल. इतकें झाल्यावर बंड व्हावयास दुष्ट खलनायक लागत नाहीं, अंतर पुरतें. हें गणित मांडणारी कादंबरी विज्ञानाची नाहीं असें कोण म्हणेल? आणि ती वाचतांना उरणच्या माणसाला मंत्रालय आठवलें, तर तो दोष लेखकाचा कीं मंत्रालयाचा?

तिसरा आक्षेप आमच्या सहाध्यापकांनीं परत येतांना घेतला, आणि तो सर्वांत प्रामाणिक होता. ते म्हणाले, "बंदर नको होतें असें तुमचें म्हणणें आहे काय? आपल्या घरांतली निम्मी वस्तु त्या कंटेनरांतून आलेली आहे." बंदर नको होतें असें आम्ही म्हणत नाहीं. मुंबईच्या जुन्या बंदरावरचा भार कोठें तरी जावयाचाच होता, आणि देशाला व्यापार लागतो. परंतु हीच तर गोष्ट आहे. आमचें स्वतःचें घर ज्या नव्या शहरांत आहे, तेथें एके काळीं मिठागर होतें. तें घर आम्हीं पगारांतून, कायदेशीर कागदांवर सह्या करून घेतलें. कोणाचें हिसकावलें नाहीं. पण त्याच्या पायाखालच्या जमिनीचा मूळ धनी कोण होता, हें विचारण्याचें आम्हांस पंचवीस वर्षें सुचलें नाहीं. वेल्सच्या कादंबरींत आम्ही नेहमीं पळत सुटलेल्या माणसांत स्वतःला पाहिलें. न्हाव्याच्या धक्क्यावर प्रथमच असें वाटलें कीं, त्या तीन पायांच्या यंत्रांत बसलेल्यांत आमचाही एक चेहरा असावा. आणि यंत्रांत बसलेल्यालाही आपण दुष्ट आहों असें वाटत नसेल. त्याला फक्त घर हवें असेल.

ही जाणीव देणारें पुस्तक मराठींत हवें आहे. प्रकाशकांनीं विज्ञानकथेचीं पुस्तकें केवळ बालविभागांत मांडूं नयेत. परीक्षकांनीं त्यांतलें शास्त्र तपासून थांबूं नये, त्यांतला न्यायही तपासावा. आणि आम्हां अध्यापकांनीं, ज्यांनीं आजवर हीं पुस्तकें वर्गाबाहेर ठेविलीं, तीं वर्गांत आणावीं. लेखक मात्र आमच्यांतून निघेल असें आम्हांस वाटत नाहीं. भरती-ओहोटीचें गणित ज्याला आजोबांकडून मिळालें आणि कक्षांचें गणित ज्यानें कॉलेजांत शिकलें, असा मनुष्य तो ग्रंथ लिहील. न्हाव्याच्या त्या विद्यार्थ्याला आम्हीं निघतांना विचारलें, "तूंच कां लिहीत नाहींस?" तो म्हणाला, "लिहीन, सर. पण तुमच्या लोकांना तें आवडणार नाहीं."

आवडणार नाहीं, हें खरें. पण वाचावें लागेल. तेवढी तयारी आपण आतांपासून करावी, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.